मुक्या फोनांचं गाऱ्हाणं

रत्नागिरीत कुणाला पत्ता विचारणं म्हणजे धाडसाचं काम. रस्ता माहीत असलेला माणूस आधी सुपारी कातरतो, तुमचं गाव विचारतो, मग तोंड उघडतो. माहीत नसलेला मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आत हात लांब करून मोकळा. असल्याच एका हातावर विसंबून लांज्याला निघालेलं वऱ्हाड थेट आंजर्ल्याच्या गणपतीपुढे जाऊन उभं राहिलं, आणि लग्न तिथेच लागलं म्हणतात. नवरी मात्र आधी ठरलेलीच होती, एवढं नशीब.

नीरजाही इथलीच, पण त्या सकाळी तिला हे आठवलं नाही. आंबा बागायतदार सोसायटीच्या नव्या कचेरीत टेबलाटेबलावर तिने मांडलेले कोरे फोन तिच्याकडे टकामका बघत होते. प्रत्येकाच्या काचेवर एकच ओळ: 'सर्व्हर शोधत आहे'.

"शोधतायत म्हणजे हरवलंय काय?" दत्तूकाकांनी विचारलं. दत्तूकाका म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष.

"हरवलं नाही काका. सर्व्हर त्या कपाटात आहे."

"मग सांग की त्यांना, कपाटात आहे म्हणून."

"तेच सांगायची सोय केलीय मी."

"काल तुझ्या दुकानात पोपटासारखे बोलत होते. इथे पाऊल टाकलं आणि वाचा बसली." काकांनी पूजेच्या तयारीकडे नजर टाकली. "हे बघ, आरती संपेपर्यंत वाजले तर पुढच्या सगळ्या शाखांचं काम तुझं. नाही वाजले, तर मुंबईच्या कंपनीचा माणूस कालपासून लॉजवर सोलकढी पीत बसलाय. त्याला बोलावतो. हंगाम माझ्यासाठी थांबत नाही गो."

मुंबईतली नोकरी सोडून नीरजाने माळनाक्याला दुकान टाकलं होतं. हे पहिलं मोठं काम. ते हातचं गेलं तर आयुष्यभर लोकांच्या प्रिंटरात अडकलेले कागद उपसत बसायचं.

खरं तर यात अवघड काही नसतं. नवा फोन जागा झाला की आपल्या गावकाराने देवळात देवापुढे घालावं तसं गाऱ्हाणं घालतो: बा महाराजा, हयचो जो कोण धनी असशील त्याने मला जागा दे, नि माझी कुंडली कुठे ठेवलीय ते सांग. कपाटातला धनी 'होय महाराजा' म्हणतो, फोनला पत्ता देतो, आणि तुझं नाव, नंबर, सगळं अमक्या जागी लिहून ठेवलंय असं सांगतो. फोन तिथे जातो, वाचतो आणि बोलू लागतो. मग आज गाडं अडलं कुठे?

तिने एका फोनची वायर काढून लॅपटॉपला लावली. लॅपटॉपला पत्ता मिळाला. पण तो तिने ठरवून दिलेल्या पत्त्यांच्या घराण्यातला नव्हता! आणि कुंडलीबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे गाऱ्हाणं पोचत होतं, पण खऱ्या धन्याने सुपारी कातरेपर्यंत दुसराच कोणी हात लांब करून फोनांना भलतीकडे धाडत होता. तिला त्या लांज्याच्या वऱ्हाडाची आठवण झाली आणि इतक्या संकटातही हसू आलं.

"हसत्येस काय?" काका म्हणाले. "भटजी आले."

तो उपटसुंभ कुठल्या वायरीवर बसलाय हे तिने सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या कपाटातल्या स्विचला विचारलं. वायर निघाली मागच्या खोलीची. तिथे आंब्यांची आढी लावलेली: भाताचा पेंढा, त्यावर हापूस, वर पुन्हा पेंढा. आढीचा राजा रघूदादा. डोळे बांधून नुसत्या वासावर तो बाग सांगायचा, शिवाय बागेच्या मालकाचं बायकोशी पटतं की नाही तेही. दोन्हीत सहसा चुकत नसे.

"दादा, ही वायर पेंढ्यात कुठे चाललीय?"

"आंबे शेकवायला."

रघूदादाने पेंढा बाजूला केला. पिवळ्याधमक आंब्यांच्या मधोमध, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या ऐटीत, एक राउटर हिरवे डोळे मिचकावत बसला होता.

"पोरानं मुंबयवरना पाठवलान," रघूदादा म्हणाला. "वाडीत रेंज नाय, मग ह्याचा करू काय? हात लावून बघ बाय, कसा उबदार हाय. कोंबडीपरीस बरा, घाण करत नाय."

"उबेला लाइट पुरते ना? मग ही दुसरी वायर भिंतीत कशाला खुपसलीत?"

"डब्यात वायरी दोन, भिंतीत भोका दोन. एक लावायची नि एक लोंबत ठेवायची, ता बरा दिसतंय काय?"

नीरजा पेंढ्यापाशी वाकली. तिने लाइटची वायर राहू दिली, नेटवर्कची उपटली आणि आंब्यांवर पेंढा पुन्हा नीट पांघरला.

बाहेर आरती सुरू झाली होती. तिने कपाटाशी जाऊन सगळ्या फोनांची वीज एकदम तोडली. काचा काळ्याठिक्कर पडल्या. टाळ वाजवता वाजवता काका पुटपुटले, "होते तेही गेले." तिने वीज परत दिली. फोन जागे झाले, त्यांनी गाऱ्हाणं घातलं, आणि या खेपेला खऱ्या धन्याने उत्तर दिलं. पहिल्या काचेवर नाव उमटलं: 'चौकशी'. मग 'हिशेब'. मग 'गोदाम'. मग शेताच्या बांधावरून वणवा धावावा तशी नावं टेबलामागून टेबलं पेटवत गेली. नीरजाने एका फोनवरून सगळ्यांना एकदम हाक घातली.

काय वाजले म्हणता! भटजी आरतीतली एक ओळ गाळून पुढे गेले. भगवती किल्ल्यावरचे कावळे उठून समुद्रावर दोन फेऱ्या मारून आले. लॉजवरच्या मुंबईकराने पेला खाली ठेवला आणि बॅग भरायला घेतली, असं तिथला पोऱ्या अजून शपथेवर सांगतो.

ते वाजणं थांबतं न थांबतं तोच 'चौकशी'चा फोन पुन्हा खणखणला. हा मात्र बाहेरचा होता. काकांनी हात पुसून रिसीव्हर उचलला.

"कोण, पुण्याहून? आंबे मिळतील हो, आंब्यांचं काय एवढं. आधी सांगा, आवाज कसा येतोय?" काका ऐकत राहिले. छाती हळूहळू फुगत गेली. "अगदी शेजारी बसल्यासारखा? मग! कोणी बसवले विचारताय? थांबा, तिलाच देतो. राजापूरच्या शाखेचं कामही तिच्याचकडे आहे. लांज्याचंही."

नीरजाने रिसीव्हर घेतला. कचेरीभर सगळे टाळ हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मी बसवले," ती म्हणाली. "माळनाक्याची नीरजा."