न हलणारा डाग

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकून बसलात तर ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका घड्याळजींची गोष्ट सांगतो.

चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. पण जीव अडकला होता सूर्यात. रोज सकाळी दहाला ते गच्चीवर जात, छोटी दुर्बीण सूर्याकडे वळवत आणि सूर्याचं बशीएवढं बिंब फळीवरच्या पांढऱ्या कागदावर पाडत. त्यावर दिसतील ते काळे डाग पेन्सिलीने जसेच्या तसे टिपायचे आणि महिनाअखेर कागद वेधशाळेला धाडायचे. असं बावीस वर्षं चाललं. अंगात ताप असला तरी जिना चढले. ढग आले तर ‘ढग’ असं लिहून खाली आले. देवाने एवढं मांडून ठेवलंय आणि आपण साधं बघायचंही नाही, हे त्यांना पटत नसे.

“या एका डागात आपल्या पृथ्वीसारखे चार-पाच गोळे सहज मावतील,” ते बायकोला सांगत.

“मावू देत. मोरीचं पाणी मावतंय का तेवढं बघा. सकाळपासून तुंबलीय.”

आता नीट ऐका. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याच्यावरचे डाग रोज थोडे सरकतात आणि दोन आठवड्यांत कडेआड जातात. एका जागी ठाण मांडून बसलेला डाग आजवर कुणी पाहिलेला नाही. घड्याळजींना तो दिसला. कागदाच्या मध्यावर ते एक फुली मारत आणि तिच्यावर नजर रोखून बिंब जुळवत. त्या फुलीवरच एक धुरकट डाग बसला होता. दुसऱ्या दिवशी तिथेच, चौथ्या दिवशीही तिथेच. त्यांनी काच पुसली, कागद बदलला, फळीसुद्धा बदलली. डाग जागचा हलेना. अकराव्या दिवशी त्यांनी वेधशाळेला पत्र लिहिलं. ते टपालपेटीत टाकल्यावर बराच वेळ ते पेटीपाशीच उभे राहिले. एवढ्या अफाट पसाऱ्यात आपल्यासारख्या माणसाच्या नजरेस काहीतरी नवं पडलं, या विचाराने त्यांचा पाय तिथून निघेना.

बाराव्या दिवशी बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर आली.

“इकडे ये. हा मधला डाग बघ.”

तिने वाकून पाहिलं. “मधे कुठे? मधे काही नाही. उजवीकडे बारके दोन आहेत.”

“चष्मा लाव.”

“लावलाय. आणि तुम्ही एक डोळा मिटून काय बघताय? दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली.”

घड्याळजींनी मिटलेला डावा डोळा उघडला. डाग गेला. मिटला, डाग आला. भिंगाची सवय हाडीमाशी खिळलेली, त्यामुळे बारीक काही बघायचं म्हटलं की डावा डोळा आपोआप मिटायचा. तसाच तो मिटून त्यांनी बायकोकडे पाहिलं. केस दिसले, खांद्यावरचा ओला टॉवेल दिसला. तोंड होतं तिथे धूर होता.

“काय झालं हो?” ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा डावा डोळा उघडला आणि तिचं तोंड बघून घेतलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या होत्या. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजलाय म्हणाल्या. उजवा गेल्यातच जमा, आणि डाव्यालाही सुरुवात झाली आहे.

“सूर्यामुळे झालं का?” घड्याळजींनी विचारलं.

“नाही काका. तुम्ही कागदावर बघत होतात. हे वयामुळे होतं.”

“सूर्यामुळे असतं तर बरं झालं असतं,” ते शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले.

“कधीपासून असेल?” त्यांनी डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारलं.

“दोन वर्षं, कदाचित तीन. हळूहळू वाढतं, कळत नाही.”

घरी येऊन त्यांनी बायकोला दुसरं पत्र लिहायला बसवलं. अकरा दिवसांच्या नोंदी चुकीच्या आहेत, हे सांगून झालं. मग ते थांबले. त्याआधीच्या कागदांवरही मध्याजवळ पुसट ठिपके होतेच. त्यातला सूर्याचा कोणता आणि डोळ्याचा कोणता? दोघं संध्याकाळपर्यंत कागद पसरून बसले. एकाचीही खात्री देता येईना.

“तेही लिही,” ते म्हणाले.

“अहो, कशाला? त्यांना कुठे कळणार आहे?”

“लिही.”

महिन्याने उत्तर आलं. शेवटच्या तीन वर्षांच्या नोंदी वगळल्या होत्या. इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते, आणि यापुढे कागद पाठवू नयेत अशी विनंती होती. विनंतीचं वाक्य बायकोने दबक्या आवाजात वाचलं.

“बरोबर केलं त्यांनी,” घड्याळजी म्हणाले.

काही महिने ती त्यांच्याबरोबर वर जायची आणि डाग मोजून सांगायची. मग तिचे गुडघे धरले. दीड वर्षात डावा डोळाही गेला. तरी घड्याळजी कठडा धरून एकटे चढत आणि चाचपडत दुर्बीण लावत. बिंब कागदावर पडलंय की नाही हे त्यांना कळायचं नाही. पडलं तरी सूर्य पुढे सरकला की ते घसरून जमिनीवर जायचं, तेही कळायचं नाही. ते आपले तिथे बसलेले असायचे.

खाली आल्यावर विचारायचे, “आज काय असेल गं तिथे?”

“असेल काहीतरी,” ती म्हणायची.

एके दिवशी खाली आल्यावर त्यांनी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती त्यांच्या प्रश्नाची वाट बघत राहिली.

एवढंच मागतो तुमच्यापाशी. उद्या सकाळी ऊन अंगावर आलं, की क्षणभर थांबून घड्याळजींची आठवण काढा.