तळघरात कोणी नेलं?

खिदिरच्या खोकल्याचं घरात कुणाला काही वाटेनासं झालं होतं. त्यांच्या सरदश्त गावावर युद्धात विषारी गॅसचे बॉम्ब पडले त्याला तेहेतीस वर्षं झाली आणि तेव्हापासून हा खोकला घरातलाच झाला होता. त्यामुळे त्या आठवड्यात तो वाढला, तेव्हा त्याच्या बायकोनं, खातूननं, हवा बदलली म्हणून सोडून दिलं. त्यांचा मुलगा हेमन मात्र पहिल्याच दिवशी चरकला.

कोरोनामुळे लग्नांना बंदी होती. तरी हेमन मित्राच्या लग्नात गुपचूप गेला, शिवाय हातात हात गुंफलेल्या फेराच्या पुढे होऊन रुमाल फिरवत नाचला. घरी सांगितलं, बागेला पाणी द्यायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी घसा धरला. बर्फाचं पाणी बाधलं, अशी त्यानं स्वतःचीच समजूत घातली आणि रोजच्यासारखी बापाच्या ऑक्सिजनची नळी पुसून त्याच्या नाकाला लावली. ते काम आईला सांगितलं असतं, तर तिनं कारण विचारलं असतं. एवढ्यालाच तो भ्याला.

इस्पितळाच्या दारात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांची फुफ्फुसं आधीच जळलेली आहेत. घरात कुणी आजारी होतं?"

हेमननं तोंड उघडलं. तेवढ्यात बापानं मास्क खाली ओढला. "मीच गेलो होतो. रोटीच्या रांगेत."

"चार पावलं टाकवत नाहीत आणि रांगेत गेलात?" खातून कडाडली. "अक्कल काय गहाण टाकली होतीत?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं हेमनला झालं.

खातून भरतीचे कागद करायला गेली, तसा खिदिर म्हणाला, "घसा बसलाय तुझा. कळलं मला."

"बाबा, मग खोटं का बोललात?"

"विमानं आली तेव्हा 'तळघरात चला' असं मीच ओरडलो. नेहमीचे बॉम्ब असते तर वाचलो असतो. गॅस खालीच उतरतो, हे कुणाला ठाऊक होतं?" तो श्वासासाठी थांबला. "शिलान, माझी बहीण, सहा वर्षांची होती, ती तिथंच गेली. माझी आई मरेपर्यंत विचारत राहिली, पोरीला खाली कोणी नेलं? तो प्रश्न जगू देत नाही रे. तुझ्या आईला तो विचारायला लावू नकोस."

नवव्या दिवशी खिदिर गेला. फोनवर जो तो म्हणे, "हट्टी माणूस!" आणि हेमन "हो" म्हणे. प्रत्येक "हो"बरोबर तो स्वतःच्याच मनातून उतरत गेला.

चाळिसाव्या दिवशी सगळे कबरीवर निघाले. खातून मात्र चुलीपाशीच कणीक मळत बसून राहिली.

"मी नाही येत. एका रोटीपायी मला टाकून गेले ते. जा तुम्ही."

बापाचं सांगणं हेमननं मोडलं.

"आई, बाबा रांगेत गेलेच नव्हते."

खातूनचा कणकेतला हात थांबला. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मग घरात कोणी आणला तो रोग?"