उलटी फेरी

गाडीच्या प्रेमात पडणारी माणसं मला अर्धवट वाटतात, आणि माझे भाऊजी त्यांचे पुढारी आहेत. सहा वर्षं त्यांनी एका गाडीवर घालवली. गाडी त्यांची नव्हती, मालकाची. मालकाने ती कुणाच्या तरी गोदामातून उचलली, ट्रेलरवर घालून आमच्या वर्कशॉपात आणून टाकली, आणि सहा वर्षांत एकदाही तिच्यात बसला नाही. पैसेवाल्यांना वस्तू हवी असते, ती वापरायची अक्कल लागत नाही.

खोटं कशाला बोलू, गाडी होतीच तशी. महायुद्धाआधीची, अमेरिकन, बारा सिलिंडरांची. अशा मोजून नऊ निघाल्या आणि कंपनीने मान टाकली. बॉनेट एवढं लांब की गाडीचं नाक गल्लीच्या वळणावर पोचलं तरी ड्रायव्हर दारातच. दार लावलं की जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज. इंजिन चालू असताना भाऊजी त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचे आणि रस्त्याने जाणाऱ्याला धरून आणून दाखवायचे, बघा, थेंब सांडत नाही. गाद्या मी शिवल्या. चार महिने. माझं कौतुक कुणी केलं नाही, ते असो.

ताई म्हणायची, "माझ्याशी कधी एवढ्या हळू आवाजात बोलला नाहीत."

भाऊजी इंजिनातून डोकं न काढता म्हणायचे, "तू कुठे कधी बंद पडतेस?"

आमच्याकडे एक नियम आहे, भाऊजींच्या वडिलांपासूनचा. शेवटचा नट आवळेल त्याची पहिली फेरी. वर्कशॉपातून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत यायचं. खटारा असो नाहीतर मंत्र्याची गाडी. सहा वर्षं भाऊजी या एका फेरीवर जगत होते.

शेवटचा नट आवळला त्याच दिवशी मालक उगवला. गाडी विकली होती. घेणाऱ्याचा माणूस सोबत होता. त्याने मीटरवरचा आकडा कागदावर उतरवला, एक्केचाळीस हजार दोनशे सात मैल आणि वर तीन दशांश, आणि मीटरच्या केबलला शिशाचं सील ठोकलं.

"उद्या अकराला ट्रेलर येईल," मालक म्हणाला. "तोवर हा आकडा एक घरसुद्धा पुढे जाता कामा नये. करारात लिहिलंय."

"आणि फेरी?" भाऊजींनी विचारलं.

"कसली फेरी? मिस्त्री, गाडी बघायची असते, पळवायची नसते."

संध्याकाळी भाऊजी जेवायला बसले, आणि नुसतेच बसले. ताईने दोनदा वाढायला विचारलं. मग म्हणाली, "तो काय म्हणाला, पुढे जाता कामा नये?"

"हो."

"आणि गाडी मागे नेली तर मीटर काय करतं?"

भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नसेल. "हिचं उलटं फिरतं."

"मग जेवा आता."

सकाळी आठला आम्ही निघालो. भाऊजी स्टिअरिंगवर, मान पिळून मागे. मागची काच पाकिटाएवढी, तिच्यातून धड काही दिसेना, म्हणून ताई मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून रस्ता सांगत होती. मी बाहेर, सायकली हटवत.

"डावीकडे घ्या. अहो, डावीकडे. सायकलवाल्याला घाबरू नका, तोच घाबरलाय."

"जरा आधी सांगत जा."

"आयुष्यभर तुम्ही पुढे आणि मी मागे. आज मी पुढे आहे, मुकाट्याने ऐका."

सगळी गल्ली दारात आली. एवढी देखणी गाडी आणि चालली शेपटीकडून, टाकीभोवती, राणीसारखी. भाऊजींची मान नंतर आठ दिवस सरळ झाली नाही.

परत आलो तर मालक दारात उभा. चेहरा भट्टीसारखा. तो थेट मीटरवर वाकला.

"आकडा पुढे गेला नाही," भाऊजी म्हणाले. "शब्द पाळलाय."

"दोनशे सहा, सात दशांश," मालक म्हणाला. "कमी झालाय, मिस्त्री. घेणारा म्हणेल मी मीटर मागे फिरवलं. पुढे गेला असता तर परवडलं असतं." मग तो पायरीवर मटकन बसला. "आता काय करायचं?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे. एवढं तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, देवाशपथ.

"तेवढंच पुढे न्यायचं," ताई म्हणाली. "हीच फेरी, सरळ. तुम्हीही बसा, आकड्यावर नजर ठेवायला. नाहीतर हे थांबायचे नाहीत."

मालक नाइलाजाने पुढे बसला. मी शिवलेल्या गादीत तो इतका रुतला की गुडघे वर आले. भाऊजींनी गिअर टाकला, आवाज न करता. गाडी निघाली तेव्हा मालक मीटरकडे बघत होता. टाकीपाशी पोचलो तेव्हा तो बॉनेटकडे बघत होता, ते पुढे पुढे जाणारं लांबलचक नाक, त्यात वाकडं होऊन वाहणारं आभाळ. हात डॅशबोर्डवर ठेवलेला. मी मागे ताईशेजारी बसून आरशात पाहिलं, मालकाचं तोंड उघडं होतं.

वर्कशॉपाच्या दारात आकडा बरोबर जुळला. दोनशे सात, तीन. भाऊजींनी इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," मालक म्हणाला. घड्याळात पाहिलं. नऊ वाजले होते. खाकरला, टायची गाठ सैल केली, आणि मागे वळून ताईला म्हणाला, "वहिनी, तुम्ही मागचं नीट बघा. मिस्त्री, अजून एकदा मागे घ्या."