अंगठ्याएवढा चमत्कार

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीचा हॉल वर्षातून दोनदाच भरतो. गणपतीत आरतीसाठी आणि वार्षिक सभेत भांडणासाठी. पण त्या रविवारी सकाळी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांचे पाय दुखत होते ते पुढच्या रांगेत बसले होते आणि ज्यांचे दुखत नव्हते त्यांचेही, भाषण ऐकून, दुखायला लागले होते. मंचावर झेंडूचा हार घातलेलं एक यंत्र होतं. वजनकाट्यापेक्षा थोडी मोठी काळी चकचकीत पाटी, समोर धरायला दांडा, त्यावर लाल दिवा. बटण दाबलं की पाटी थरथरायची.

यंत्राशेजारी स्पंदनगुरू श्रीनिवास उभे होते. पांढरा झब्बा, कानाला माइक, चेहऱ्यावर जगाबद्दलची अपार करुणा. वर्षभरापूर्वीपर्यंत हे गृहस्थ हिंजवडीच्या कंपन्यांना हजेरीची सॉफ्टवेअर विकत होते. ते जमेना, तेव्हा त्यांना साक्षात्कार झाला.

"मित्रहो, आपण रोज दात घासता. गाडी सर्व्हिसिंगला देता. पण आतलं ड्रेनेज? ते कधी साफ केलंत? रक्ताला हृदयाचा पंप आहे. लसिकेला, म्हणजे अंगात झिरपणाऱ्या पाण्याला, पंप नाही! ती बिचारी तुंबते. महापालिकेचं ड्रेनेज पावसाळ्यात तुंबतं, आपलं बारा महिने. ऋषींनी ओंकार का सांगितला? कंपन! तेच कंपन आता घरच्या घरी, दहा मिनिटांत."

"डोक्यातलं तुंबलेलं निघतं का हो?" मागून कुणीतरी विचारलं. पुण्यात असा एक आवाज प्रत्येक सभेत असतो. लोक हसले, पण जागचं कुणी हललं नाही.

मग सोसायटीचे अध्यक्ष हिंमतराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुढे आले. गुरूंनी स्वतःच्या हातानं त्यांच्या पोटरीला टेप लावली. "एक्केचाळीस सेंटिमीटर!" हिंमतराव दहा मिनिटं यंत्रावर थरथरले, त्यांचे गालही थरथरले. मग त्यांना सतरंजीवर झोपवून पाय लोडावर ठेवले. याचं नाव लसिका-विसर्जन मुद्रा. ती चांगली अर्धा तास चालली आणि तेवढ्यात गुरूंनी ऑर्डरचे फॉर्म वाटून घेतले. पुन्हा टेप लावली.

"अडतीस! तीन सेंटिमीटर विसर्जित!"

"अहो, खरंच हलकं वाटतंय," हिंमतराव उठून म्हणाले आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

शेवटच्या रांगेत मालनबाई बसल्या होत्या. गळ्यात टेप तशीच राहिली होती, ब्लाऊज शिवत असतानाच लेकीनं ओढत आणलं होतं म्हणून. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तीस वर्षं हातात टेप धरणारी ही बाई टेपवरचा आकडा ऐकून फसली, हे पुढं त्यांना स्वतःलाच सगळ्यात जास्त लागलं.

मालनबाई मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा दोन गोष्टी लपवायला शिकल्या. एक, गावाकडची बोली. 'मले' म्हटलं की गिऱ्हाईक ओठ दाबून हसायचं. दुसरी, डावा पाय. लहानपणी डासांतून आलेल्या हत्तीरोगानं तो पाय सुजला तो कायमचा. साडी त्या नेहमी घोट्याच्या खाली नेसत. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टर उत्कर्षा भेटल्या आणि त्यांनी साफ सांगितलं होतं, "सूज पूर्ण जाणार नाही, पण ताब्यात राहील. रोज पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, बोटांकडून वर पट्टी बांधायची, बसताना पाय उंच ठेवायचा. एक दिवस चुकवायचं नाही." अकरा वर्षांत चुकवलं नव्हतं. पण माणूस कंटाळतो. उन्हाळ्यात त्या पट्टीखाली आग व्हायची.

म्हणून लेकीनं, नम्रतानं, यंत्र घरी आणलं तेव्हा त्यांना बरंच वाटलं. पोर हिंजवडीला दिवसभर राबते, आईचा पाय तिला बघवत नाही. यात खोट कुठली काढायची? पहिल्याच शनिवारी श्रीनिवास जातीनं घरी आले आणि पट्टीकडं बोट दाखवून म्हणाले, "हे काय? ताई, तुम्ही गटाराचं झाकण घट्ट लावून ठेवलंय! सोडा ते. कंपनाला वाट द्या."

पट्टी सुटली. दर शनिवारी माप व्हायचं. आधी एक्कावन्न, यंत्रानंतर आणि लोडानंतर अठ्ठेचाळीस. पुढच्या शनिवारी पुन्हा एक्कावन्न.

"परत कसं भरतं?" मालनबाईंनी एकदा विचारलं.

"विष जुनं आहे, ताई. म्हणून तर रोज साधना."

तुम्ही म्हणाल, शिंपीणबाईंनी स्वतः माप का घेतलं नाही? त्याला या धंद्यातली शिस्त कारण. शिवणाऱ्यानं स्वतःचं माप स्वतः घेऊ नये. वाकलं की अंग बदलतं, माप चुकतं. मालनबाई स्वतःचा ब्लाऊजसुद्धा दुसऱ्या कुणाला माप घ्यायला लावून शिवत. तेव्हा पाय त्यांनी विश्वासानं दुसऱ्याच्या हाती दिला. फक्त एक गोष्ट खटकत होती. टेप म्हणत होती सूज उतरली आणि डाव्या पायाची चप्पल म्हणत होती मी आता चढत नाही.

बाराव्या शनिवारनंतर दोन दिवसांनी भर दुपारी हुडहुडी भरली. पाय लालबुंद झाला, हात लावू देईना. नम्रतानं ऑफिसातून श्रीनिवासना फोन केला. ते म्हणाले, "अभिनंदन! विष बाहेर पडतंय. औषध देऊन अडवू नका." नम्रता घरी आली तेव्हा आई शुद्धीत असून नसल्यासारखी होती. तिनं रिक्षा बोलावली.

डॉक्टर उत्कर्षांनी आधी इंजेक्शन दिलं, मग तोंड उघडलं. "जंतुसंसर्ग झालाय. अजून दोन दिवस घरी थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं. पट्टी सोडायला कुणी सांगितलं?"

नम्रता रडायला लागली. तिनं यंत्राचं सगळं सांगितलं.

"यंत्रावर माझा राग नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थरथरीनं स्नायू हलतात, थोडं बरं वाटतं. काहींना पट्टीच्या जोडीला उपयोग होतही असेल, तपासून ठरवता येईल. पण पट्टीच्या जागी? कधीच नाही." त्यांनी पेनानं पायावर खुणा केल्या, मोजलं आणि जुना कागद काढला. "तीन महिन्यांपूर्वी अठ्ठेचाळीस. आज बावन्न."

"पण शनिवारी तर तीन कमी झालं होतं," मालनबाई पुटपुटल्या.

"कुणाच्या टेपवर?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर तीन आठवड्यांनी मिळालं. पाय निवला होता, पट्टी पुन्हा बांधली होती, काम सुरू झालं होतं. शेजारची चैताली लग्नातला ब्लाऊज शिवायला आली. मालनबाईंनी तिच्या दंडाला टेप लावली आणि सवयीनं टेपखाली बोट सरकवलं. सगळेच शिंपी सरकवतात; बोटाएवढी ढिलाई ठेवली की बाही काचत नाही. बोट टेपखाली गेलं आणि तिथंच थांबलं.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. हात असाच ठेव." त्यांनी आकडा वाचला. बोट काढून टेप ओढली आणि पुन्हा वाचला. मग अंगठा घालून वाचला. इंचाहून जास्त फरक! आणि इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर. सेंटिमीटरमध्ये सांगितलं की तेच मोठं वाटतं. त्यांना श्रीनिवासांचा हात आठवला. पहिल्या मापाला पोटरीमागं, कुणाला दिसणार नाही असा वळलेला अंगठा. स्वतःच्या पायाला तो कधी कळला नव्हता, कारण त्या पायाची कातडीच जाड आणि बधिर.

मालनबाईंना रडू आलं नाही. त्यांच्या अंगाचा नुसता संताप झाला. बोटाची ढिलाई त्या गिऱ्हाईकाच्या आरामासाठी ठेवत होत्या आणि या माणसानं त्याच ढिलाईवर दुकान थाटलं होतं.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये पुन्हा मेळावा होता. फलकावर लिहिलं होतं : 'मालनताईंचा अनुभव. बारा शनिवार, छत्तीस सेंटिमीटर सूज विसर्जित!' ताप आला, पाय लालबुंद झाला, हे श्रीनिवासना ठाऊक होतं. पण फलक छापून झाला होता.

"आई, नको जाऊ," नम्रता म्हणाली. "माझंच चुकलं. सगळ्यांसमोर तमाशा कशाला?"

"तमाशा तर झालाच आहे. त्यात माझं नाव छापलंय. आता मलाच बोलायला नको?"

मंचावर त्यांचं जंगी स्वागत झालं. मालनबाईंनी माइक घेतला, पण आधी फलकाकडं पाहिलं.

"गुरुजी, पहिल्या शनिवारी माझा पाय एक्कावन्न होता ना? त्यातून छत्तीस गेले. राहिले पंधरा." त्यांनी स्वतःचं मनगट वर धरलं. "हे पंधरा आहे. माझी पोटरी एवढी झाली म्हणता?"

हॉलमध्ये खसखस पिकली. श्रीनिवास हसून म्हणाले, "ताई, हे गणितापलीकडचं विज्ञान आहे."

"बरं. हिंमतराव, जरा या हो इकडं. पँट दुमडा."

हिंमतराव आले, अध्यक्षांना बोलावलं की ते येतात. मालनबाईंनी कनवटीचा शिवणकामाचा खडू काढला आणि त्यांच्या पोटरीभोवती गोल रेघ मारली. "माप ह्याच रेघेवर. खाली नाही, वर नाही." गळ्यातली टेप रेघेवर लावली. "वाचा. मोठ्यानं."

"अडतीस," हिंमतराव म्हणाले आणि चमकले. "अहो, पण मी अजून यंत्रावर चढलोच नाही!"

"थांबा." त्यांनी टेपखाली अंगठा सरकवला, सगळ्यांना दिसेल असा. "आता वाचा."

"एक्केचाळीस."

अंगठा काढला. "अडतीस," हिंमतराव आपणहूनच म्हणाले. अंगठा घातला, एक्केचाळीस. काढला, अडतीस. यंत्राचं बटणसुद्धा कुणी दाबलं नव्हतं.

"पण मला हलकं वाटलं होतं हो," हिंमतराव कळवळून म्हणाले.

"वाटणारच! अर्धा तास लोडावर पाय ठेवून झोपला होतात. हार घालायचाच तर लोडाला घाला."

आता हसणं थांबेना. श्रीनिवासांच्या चेहऱ्यावरची करुणा उतरली. "ताई, स्पष्ट बोलतो. यंत्रात खोट नाही. तुमची श्रद्धा कमी पडली."

हे ऐकलं आणि मालनबाईंचा तोल गेला. इतकी वर्षं जपलेली पुणेरी भाषा त्याच्याबरोबर गेली.

"श्रद्धा? मले श्रद्धा शिकवता? तीन महिने उभी रायली मी तुमच्या पाटीवर! श्रद्धा नाही कमी पडली. पट्टी कमी पडली! हे पाहा, सगळे पाहा!" आणि त्यांनी साडी गुडघ्यापर्यंत वर धरली.

जाड, खडबडीत, अजून काळपट-लाल असलेला पाय, त्यावर पांढरी पट्टी. लग्नापासून जो पाय त्यांनी नवऱ्याच्या नातेवाइकांनाही दाखवला नव्हता, तो दीडशे माणसांसमोर उघडा होता. त्यांना लाज वाटली नाही.

"हा रोग हाये. पाप नाही, विष नाही, तुंबलेलं गटार नाही. डास चावल्यानं झाला आन् डॉक्टरनं सांगितलेल्या पट्टीनं ताब्यात राहिला. ह्या माणसानं पट्टी सोडवली आन् मी मरता मरता वाचली. ताप आला तं म्हणे अभिनंदन!"

त्या दम घ्यायला थांबल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माझं ऐकून मानू नका. मी तरी कोण? घरी टेप असते, मुलांचा खडू असतो. रेघ मारा आणि स्वतः मोजा. सकाळी मोजलंत तर दुसऱ्या दिवशीही सकाळीच मोजा. जो माणूस तुम्हाला मोजू देत नाही आणि डॉक्टरचं औषध सोडायला लावतो, त्याला दाराबाहेरच ठेवा. मग तो झब्ब्यात येऊ दे नाहीतर सुटाबुटात."

मागचा तोच आवाज म्हणाला, "गुरुजी, आपलं विसर्जन कोणत्या घाटावर?" श्रीनिवास माइक काढून यंत्राची वायर गुंडाळत होते. फॉर्म भरलेले लोक फॉर्म परत मागायला मंचाकडं निघाले.

मालनबाई खुर्चीवर बसल्या. ओढाताणीत पट्टी सैल झाली होती. नम्रता खाली बसली, तिनं आईचा पाय मांडीवर घेतला आणि डॉक्टरांनी दाखवलं होतं तशी, बोटांकडून वर, पट्टी बांधायला लागली. "आई, जास्त घट्ट नाही ना?" ती विचारत होती.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या द्वारकाबाई गर्दीतून पुढं आल्या. चार वर्षांपूर्वी छातीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या ब्लाऊजची उजवी बाही मालनबाई दीड इंच सैल शिवत होत्या. का, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि द्वारकाबाईंनी कधी सांगितलं नव्हतं. आज त्यांनी खांद्यावरचा पदर बाजूला केला. दंडापासून मनगटापर्यंत हात सुजलेला होता.

"मी परवाच यंत्राचा फॉर्म भरला होता," त्या हळूच म्हणाल्या. "मला पण पट्टी बांधता येईल का हो?"

"ते डॉक्टर ठरवतील. उद्या आपण दोघी जाऊ," मालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी गळ्यातली टेप काढली. "हात पुढं करा. आजचं माप लिहून ठेवते. अंगठा न घालता."