दोन्हीकडून शिव्या

पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकरणीला काम सोडायचं होतं, पण काम काही तिला सोडत नव्हतं. डोंगराच्या कडेने खोदून आणलेला पाट आधी सासरे सांभाळायचे. त्यांचे गुडघे गेले आणि हे लोढणं सुनेच्या गळ्यात आलं. वरून वितळत्या बर्फाचं पाणी बारा महिने यायचं, आणि पाणी वाहतंय तोवर ते वाटणाऱ्याने डोंगर उतरायचा नाही, असा गावाचा नियम. म्हणजे जन्मठेपच की! खाली शहरात बहिणीने तिच्यासाठी शिवणकामाची नोकरी बघून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली.

हे काम मागून सुटत नाही, गावाने हाकललं तरच सुटका. म्हणून तिने मुद्दाम घोळ घालायचं ठरवलं. वरच्या आळीच्या तोंडाशी पाणी अडवायची फळी खाली पाडून पाणी निम्म्यावर आणलं, आणि लगेच तिचा जीव कासावीस झाला. एकट्या वरच्यांनीच का सोसावं? मग खालच्या आळीचीही फळी तेवढीच पाडली आणि उरलेलं पाणी ओढ्यात सोडून दिलं. लबाडी केली तीही समसमान वाटून. या बाईला काय म्हणावं!

रविवारी दोन्ही आळ्या तणतणत थोरल्या काकांच्या अंगणात आल्या. गावात शेवटचा शब्द त्यांचाच.

"ही खालच्यांची भर करते," वरचे ओरडले.

"उलट वरच्यांची करते!" खालचे ओरडले.

थोरले काका खुशीत हसले. "दोन्हीकडून शिव्या? मग वाटणी चोख आहे. एकच बाजू ओरडली असती तर आत्ताच्या आत्ता काढली असती हिला. पाणी कमी आहे ते बर्फामुळे."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. "काका, बर्फ नाही हो! मी पाडल्या फळ्या. मुद्दाम. मला जायचंय इथून."

मग काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "भरल्या अंगणात स्वतःची चूक सांगणारं माणूस आम्हाला दुसरं कुठे मिळणार, पोरी? आता तुला कोणी काढणार नाही."

अंगण हसत हसत रिकामं झालं. ती रडली, खूप रडली. सकाळची बस कोणाला न विचारता पकडता आली असती, अडवायला कोणी नव्हतं. पण खालच्या आळीतली रोपं माना टाकत होती, ती तिने येताना पाहिली होती. तिने डोळे पुसले आणि फळ्या उचलायला वर निघाली.