खंडेनवमीचा नारळ आणि माझं गंजलेलं दार

लोखंडाला जळता येत नाही असं कोण म्हणतं, मित्रांनो? मी धारूरच्या कॉलेजातलं जुनं कपाट. वाचनालयात संगणक आला त्या दिवसापासून जळतोय.

त्याआधी माझा काय थाट होता! ग्रंथपाल बसवेश सर वाड्यावस्त्या हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून आणायचे आणि ते कागद माझ्याच पोटात ठेवायचे. किल्ली कुणाच्या हाती देत नसत.

मग हे लाडोबा आले. त्यांना झालरीचं पांघरूण, स्वतंत्र पंखा. माझ्यासमोरच्या त्यांच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर! माझ्या डोक्यावर मात्र मोडक्या खुर्च्या. सरांनी एकेक कागद स्कॅन करून त्यांच्यात भरला. आता ओव्या कायमच्या टिकल्या म्हणे. दिवाळीआधी कागदांसकट मला भंगारात द्यायचं ठरलं. माझा नुसता तिळपापड झाला.

खंडेनवमीला प्राचार्य सुंदरराव पूजेला बसले. घरचे शेतकरी. ट्रॅक्टरची करतात तशीच त्यांनी संगणकाची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि नारळाचं पाणी थेट डब्यावर शिंपडलं. चर्रर्र झालं आणि लाडोबा गप्प. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

बीडहून आलेल्या कारागिराने सांगितलं, आतलं सगळं गेलं. सरांनी दुसरी प्रत केलीच नव्हती.

त्याच आठवड्यात डोंगरातल्या वाडीवरून साखराबाई आल्या. सगळ्यात जास्त ओव्या त्यांनीच सांगितल्या होत्या. आता म्हातारपणी त्यांना त्या आठवत नव्हत्या.

"नातीची हळद दळायची हाय, सर," त्या म्हणाल्या. "माज्या आईच्या ओव्या तुमच्या मशिनीत हायेत म्हनं. येक डाव वाचून दावा."

सर एकदम माझ्याकडे धावले. गंजलेलं दार उघडेना, तेव्हा त्यांनी पाय लावून ओढलं. कागद जागेवर होते. सर वाचू लागले आणि दुसऱ्या ओळीलाच साखराबाईंनी सूर धरला. माझा जळफळाट तेवढ्यापुरता कुठे गेला कुणास ठाऊक.

लाडोबा दुरुस्त होऊन आले आणि कागद पुन्हा स्कॅन झाले. या वेळी सरांनी सीडीवरही प्रत काढली आणि कागदांशेजारी माझ्याच खणात ठेवली. भंगाराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तरी पांघरूण अजून लाडोबांनाच आहे! मित्रांनो, नव्याचे लाड जरूर करा, पण जुन्याच्या बिजागरीला थेंबभर तेल घाला.

परवा लग्नाचे लाडू घेऊन साखराबाई आल्या आणि माझ्या दाराला कुंकू लावून गेल्या. लाडोबा समोरून बघत होते.