सुईला ताप आला

जिन्यात चपलांचा एवढा ढीग पडला होता की तो तुडवल्याशिवाय वर जाता येत नव्हतं. वर गेलं तरी दारात उभं राहायला जागा नव्हती. थोरलीच्या बाहेरच्या खोलीत सगळी इमारत लोटली होती. साथीच्या भीतीनं गेले कित्येक दिवस एकमेकांना चार हात लांब ठेवणारे लोक आता एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून स्टुलावरच्या काचेच्या वाडग्याकडे बघत होते.

वाडग्यात पाणी होतं आणि पाण्यावर कापराचा एक कण नाचत होता. चक्क नाचत होता! गिरकी घ्यायचा, काठाशी जाऊन परतायचा, मध्येच थबकून उलटा धावायचा. खिडक्या बंद, पंखा बंद, कुणाचा हात लागलेला नाही.

"बघा, कण जागा झाला!" कापूरदादा म्हणाला. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. हातात चिमटा, खांद्याला झोळी आणि झोळीत कापराचे डबे, एवढ्या ओळखीवर लोकांचं भागलं होतं. "हा दुकानातला कापूर नव्हे, हा जागवलेला कापूर. घरात रोगाचं बीज नसेल तर नाचतो, असेल तर बसतो. डॉक्टर तुमचं रक्त काढतात. आम्ही रक्ताचा थेंब काढत नाही!"

तेवढं मात्र खरं होतं. तो रक्त काढत नसे, खिशातलं काढत असे.

धाकटी दारात टाचा उंचावून उभी होती. ती थोरलीची जाऊ. खालच्या मजल्यावर राहायची, पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे कपडे शिवायची. तिला वाडगा नीट दिसत नव्हता, पण थोरलीचं तोंड दिसत होतं, आणि पोटात दुखायला तेवढं पुरे होतं. काय तो तोरा! जसा काही कण हिनेच घरी शिकवून तयार केला होता. रोगाची भीती धाकटीला होतीच, पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला ताप आला असता तरी चाललं असतं, फक्त तो आधी थोरलीला यायला हवा होता.

"तुझ्याकडे नाचला का गं?" शेजारीण मुद्दाम मोठ्यानं विचारती झाली.

"नाचेल," धाकटी म्हणाली आणि खाली निघून आली.

हे सगळं सुरू झालं तापाच्या बातमीनं. शहरात साथ आली, दवाखाने भरले. डॉक्टर घसा कोरडा करून सांगत होते की पाणी उकळून प्या, हात धुवा, ताप आला तर लगेच या. एवढ्या साध्या गोष्टीनं कुणाचं समाधान होतंय! लोक दुकानांवर तुटून पडले. आधी साबण संपला, मग मीठ, मग काड्यापेट्या. काड्यापेट्यांनी ताप कसा जातो हे कुणालाच माहीत नव्हतं, पण पुढचा घेतोय म्हणून मागचा घेत होता. मग कापूरदादा आला आणि कापूर संपला. किराणावाल्याने गोदामातले जुने, चुरा झालेले डबे काढले, तेही तासाभरात गेले.

दादाची पद्धत ठरलेली होती. पहिल्यांदा घरी आला की पाण्यात कण सोडायचा आणि म्हणायचा, "बाई, उजव्या हाताचं बोट कपाळाला लावा, घरातल्या माणसांची नावं मनात घ्या आणि बोट पाण्यात बुडवा." बोट पाण्याला लागताच नाचणारा कण जागच्या जागी मरायचा. घरातल्यांची पाचावर धारण बसायची, आणि डबे खपायचे. पुढच्या आठवड्यात दादा पुन्हा यायचा, नवं पाणी, नवा कण. या वेळी बोटाचं नाव नाही. कण नाचायचा, घर शुद्ध!

पण धाकटीच्या घरी दर वेळी बोट लावायला लागायचं. "अजून थोडं आहे बरं का तुमच्याकडे," दादा मान हलवायचा. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "साध्या कापरानं नाही का हो चालत?" तो प्रश्न त्याच्या लक्षात राहिला असावा. शिवाय प्रत्येक इमारतीत त्याला एक नाचणारं घर हवं असे आणि एक बसलेलं. एक आशा दाखवायला, एक भीती दाखवायला. वरचं घर आशेचं ठरलं, खालचं भीतीचं.

धाकटी डब्यांवर डबे घेत गेली. मशीनच्या खणात कापूर, पलंगाखाली कापूर, पिठाच्या डब्यामागे कापूर. भाकरीला कापराचा वास येतो म्हणून नवरा कुरकुरला, तर ती त्याच्यावरच उखडली. रोज सकाळी मशीनला तेल घालून झालं की ती स्वयंपाकघरातल्या वाटीत पाणी घ्यायची आणि बोटांच्या चिमटीनं कण सोडायची. कण ढिम्म हलायचा नाही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर जावांचं नेहमीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण सासूबाई घाबरल्या. "पोरीला वर झोपू दे. तुझ्याकडे कण नाचेपर्यंत," त्या म्हणाल्या.

बिट्टी सहा वर्षांची, धाकटीची एकुलती एक. थोरलीला मूल नव्हतं. बिट्टीची उशी वर गेली, मग फ्रॉक गेले, मग बाहुली. थोरली तिची वेणी घालायची, तिला मोठमोठ्यानं गोष्टी सांगायची आणि ते हसणं छतातून खाली ऐकू यायचं. धाकटी मशीनचं चाक जोरात फिरवायची, पण हसणं काही थांबत नसे. एकदा जिन्यात तिनं लेकीला जवळ ओढलं, तर पोर मागे सरली. "मोठी आई म्हणते, खाली बीज आहे."

त्या दिवशी धाकटी भरपूर रडली. आणि त्या आठवड्यात सासूबाईंनी आणखी एक पुडी सोडली. दादाला विचारून पोरीला वर्षभर वरच ठेवायची, शाळेतही थोरलीच नेईल-आणेल. हे ऐकून थोरलीचे डोळे चमकले. ती चमक धाकटीनं बरोबर टिपली. हिला साथ संपायलाच नको आहे, तिच्या मनात आलं.

दादा यायच्या आदल्या दिवशी थोरली सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेली आणि नाइलाजानं तिनं धाकटीला वर बसवलं. बिट्टी आतल्या खोलीत झोपली होती. खिडकीपाशी वाडगा, वाडग्यात नुकताच चिमट्यानं सोडलेला कण. नाचतोय, मिरवतोय! धाकटीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"नाचतोस काय मेल्या," असं म्हणून तिनं त्याला बोटानं ढोसलं.

कण थांबला.

म्हणजे रोग माझ्यातच आहे! दुसऱ्याच क्षणी तिला आनंदही झाला, की आता थोरलीचाही बसला. आणि मग धडकी भरली, की हे माझ्या अंगावर येणार. तिनं घाईघाईनं पाणी ओतलं, वाडगा नळाखाली भरपूर वेळ खंगाळला, नवं पाणी भरलं, चिमट्यानं नवा कण सोडला. कण नाचायला लागला. चला, सुटले.

पण मत्सर मोठा चिवट. तिला तो कण पुन्हा बंद पाडावासा वाटला. बोट लावायची मात्र भीती. तिच्या पिशवीत शिवणकामाच्या सुयांचं नवं पाकीट होतं. तिनं एक सुई काढून टोक पाण्यात बुडवलं. कण नाचतच राहिला. तिनं सुई पुसली, आणि हाताला असलेल्या सवयीनं ती केसांतून फिरवली. सगळेच शिवणारे फिरवतात, केसांचं तेल लागलं की सुई कापडातून सरसर जाते. मग पुन्हा बुडवली.

कण मेला.

धाकटी सुईकडे बघतच राहिली. मघाशी ठणठणीत असलेल्या सुईला एवढ्यात ताप आला? तिनं पाणी बदललं. नवी कोरडी सुई: नाचतोय. केसांतून फिरवलेली सुई: बसला. कपाळावरून फिरवलेली सुई: बसला! मग तिनं थोरलीच्या कपाटातली, लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवलेली कापराची जुनी वडी काढली. कुणी न जागवलेली, वर्षानुवर्षं झोपलेली. तिचा कणही झकास नाचला. कपाळाचं तेलकट बोट, मशीनच्या तेलाची आपली बोटं, तुपातेलाची आपली वाटी. सगळं तिच्या डोक्यात लख्ख झालं. एक गोष्ट सांगून ठेवतो: हा शोध लावताना तिला सत्याबित्याची काही पडलेली नव्हती, तिला जावेचं नाक कापायचं होतं.

आणि तशी संधी दुसऱ्याच दिवशी आली. खोली गच्च भरली होती. थोरली बिट्टीला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. सासूबाईंनी पोरीचं विचारलं, दादानं डोळे मिटून मान डोलावली, चिमट्यानं कण सोडला आणि धाकटीला म्हणाला, "या बाई. कपाळाला बोट लावा."

"माझं काय, मी बाधलेलीच आहे," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "आज ताईंना लावू द्या की. शुद्ध घर कसं असतं ते आम्हालाही दिसेल."

"त्याची गरज नाही—" दादा लगबगीनं म्हणाला. पण थोरली तोऱ्यात उठलीच होती. तिनं बोट कपाळाला लावलं, डोळे मिटले, बोट पाण्यात बुडवलं.

कण थांबला.

मग शेजारणीनं नाकाला रुमाल लावला. पुढची रांग मागे सरकली. "पोरीला इकडे आण आधी!" सासूबाई किंचाळल्या आणि त्यांनी बिट्टीचा दंड धरून तिला ओढून घेतलं. थोरली ते ओलं बोट तसंच धरून उभी होती. तिचे डोळे पोरीवरच होते, चेहरा पार उतरला होता.

दादा सावरला. "वरही पोचलंय बीज. घाबरू नका, डबे आणलेत मी."

झालं होतं की धाकटीच्या मनासारखं! पोर वरून निघाली होती, तोरा उतरला होता, आणि तिला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. गप्प राहायचं आणि बिट्टीला घेऊन खाली जायचं. तिनं थोरलीकडे बघितलं. जिन्यात लेक मागे सरली तेव्हा आपलं तोंड असंच झालं असणार, हे तिला कळलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"थांबा सगळे," ती म्हणाली. "ताईंना काही झालेलं नाही. मलाही नाही. पाणी बदला."

वाडगा खंगाळून नवं पाणी आलं, कण सोडला. तिनं पाकिटातली कोरडी सुई बुडवली. नाच चालूच. सुई पुसून केसांतून फिरवली आणि बुडवली. कण बसला.

"सुईला ताप आला हो! कुणीतरी डॉक्टरांना बोलवा!"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं.

"लोखंड लागलं की शक्ती जाते," दादा म्हणाला.

"मग कोरडी सुई बुडवली तेव्हा तुमची शक्ती चहा प्यायला गेली होती का? शक्तीबिक्ती काही नाही, तेल आहे तेल! केसांचं, कपाळाचं. तुम्ही स्वतः चिमट्यानं कण सोडता ते उगाच नाही. बरं, आता तुमचं बोट लावा. आधी कपाळाला, मग पाण्याला."

"आम्ही पाण्याला स्पर्श करत नाही. आमचा नियम आहे."

"तो नियम आजच मोडा. तुमच्यात तर बीज नाही ना?"

आता सगळेच म्हणायला लागले, लावा, लावा बोट. वाडग्यात ताजं पाणी आलं, नवा कण नाचू लागला. शेवटी किराणावाल्यानं दादाचा हात धरला, त्याच्याच कपाळावरून फिरवला आणि वाडग्यात बुडवला. कण बसला. मग थोरलीच्या कपाटातल्या त्या जुन्या वडीचा कण ताज्या पाण्यावर नाचला, तेव्हा डबे परत घ्या म्हणून जो गलका उठला त्यात दादानं काढता पाय घेतला आणि झोळी तिथेच राहिली.

यात चमत्कार काहीच नाही. कापूर पाण्यात हळूहळू विरतो, पण सगळ्या बाजूंनी सारखा विरत नाही. जिकडे जास्त विरतो तिकडची पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ कमी होते आणि दुसरीकडची ओढ कणाला खेचते. तोच त्याचा नाच. तेलाचा पुसटसा थर पसरला की ओढ सगळीकडेच मंदावते आणि कण बसतो. घरात ताप असो, नसो. कणाला त्याचा पत्ताही नसतो. आणि कापूर म्हणजे काही निरुपद्रवी खडीसाखर नव्हे. पोरानं तोंडात घातला तर झटके येतात, ठिणगी पडली तर भडकतो. तो पलंगाखाली साठवून इमारत रोज त्यावर झोपत होती.

माणसं पांगली. सासूबाई डोकं धरून बसल्या. थोरली म्हणाली, "खरंच नुसतं तेल होतं? तू माझी समजूत काढत नाहीयेस ना?"

"माझ्यावर नका विश्वास ठेवू, ताई. स्वतः करून बघा," म्हणून धाकटीनं सुयांचं पाकीट तिच्या हातात दिलं.

थोरलीनं करून बघितलं. मग पाणी बदलून पुन्हा, आणि पुन्हा. धाकटी शेजारी बसून राहिली. तिनं ना सांगितलं, ना शिकवलं. शेवटी थोरली उठली, बिट्टीचे फ्रॉक घडी करून पिशवीत भरले, वर बाहुली ठेवली आणि पिशवी धाकटीपुढे सरकवली. "ने. मला कळत होतं गं, तुझं पोर आहे ते. पण कण नाचत होता ना माझा."

बिट्टी आईचा हात धरून खाली आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मोठी आई वेणी छान घालते." धाकटीच्या पोटात पुन्हा दुखलं, नाही असं नाही. पण तिनं फणी पोरीच्या हातात दिली आणि तिला वर पाठवलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडेही कधी साथ येईल, दुकानं रिकामी होतील आणि कुणीतरी वाडगा घेऊन दारात उभा राहील. धाकटीवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. पाणी बदला, हात बदला, पुन्हा करून बघा. आणि करून बघायला जो मना करेल, त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.